शेवटचे तीन-चार किलो उतरवायचेत, पण कमावलेले मसल्स घालवायचे नाहीयेत. पुणेकरांनो, सांगा

तळजाईकर
नमस्कार मंडळी. वजन कमी करण्यावर इथे ढीगभर धागे आहेत पण बहुतेक सगळे सुरुवात कशी करू, काय सोडू, किती चालू यावर आहेत. माझा प्रश्न पार दुसऱ्या टोकाचा आहे म्हणून वेगळा धागा काढतोय.

वय ३९, उंची १७४ सेंमी, सहकारनगरला राहतो, दिवसभर बैठं काम. ८४ किलोवरून ७३ वर आलोय, आधी नुसतं चालणं आणि बाहेरचं खाणं बंद करून, आणि नंतर जिम लावून. वजनं उचलायला लागल्यापासून खांदे-पाठ भरलीये, सामानाची गोणी तिसऱ्या मजल्यावर नेताना धाप लागत नाही, एकूण फार बरं वाटतंय. पण बेंबीखाली आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना जो थर आहे तो काही केल्या हलत नाहीये. कंबर बेंबीपाशी ९१ सेंमी. अंदाजे साडेतीन किलो चरबी अजून जायला हवी असं वाटतं.

जिमचे सर म्हणतात भात-पोळी पूर्ण बंद करा, रोज तासभर ट्रेडमिल, आणि वजनं हलकी करून रिपिटेशन (एका दमात किती वेळा उचलायचं ती संख्या) वाढवा म्हणजे कटिंग होईल, म्हणजे चरबी उतरून आकार दिसेल. माझ्या एका मित्राने अगदी हेच केलं. काटा सहा किलोने खाली आला पण दंड-मांड्या बारीक झाल्या आणि पोट जवळपास तसंच राहिलं. मला हे नकोय. मी शाकाहारी अधिक अंडी. घरचंच जेवण. ज्यांनी हा शेवटचा टप्पा नीट पार केलाय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

कसबेकर
वजनं हलकी करू नका. बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल पण हे ऐका.

शरीर मसल कशासाठी सांभाळतं? तर ते रोज लागतंय म्हणून. खाणं कमी झालं की शरीर काटकसर सुरू करतं आणि जे वापरात नाही ते आधी विकायला काढतं. तुम्ही आत्ता समजा ८० किलोने स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) मारताय आणि ऐन डाएटमध्ये तो ४० वर आणलात तर एवढ्या मांडीची गरज नाही असा निरोप तुम्हीच दिलात. ज्या वजनाने मसल कमावला त्याच वजनाने तो टिकतो. हलक्या वजनाचे पन्नास रिपिटेशन मारून चरबी वितळते आणि आकार येतो हा जिममधला फार जुना समज आहे. ज्या जागेचा व्यायाम त्याच जागची चरबी जाते असं होत नाही, क्रंचेस मारून पोटाचे स्नायू बळकट होतील, पण वरचा थर कुठून आधी उतरायचा हे शरीर ठरवतं.

कमी करायचंच असेल तर सेट (एका व्यायामाच्या फेऱ्या) कमी करा. पाच मारत असाल तर तीन मारा, पण बारवरचं वजन तेच ठेवा. डाएटवर असताना रिकव्हरी मंदावते, त्यामुळे एवढं कमी केलेलं उलट मानवतं. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, रोइंग, पुलअप हे मोठे व्यायाम. आमच्या पेठेतल्या तालमीत वस्ताद जोर-बैठका मोजून घ्यायचे आणि दमलेल्या पोराला संख्या कमी करायला सांगायचे पण बैठक अर्धवट मारू द्यायचे नाहीत, माझ्या मते तत्त्व तेच आहे.

निवांत
कसबेकर दादांना +१

मी दोन वेळा जेवण, ५५ मिनिटांत, म्हणजे दीक्षित डाएट करतोय. पोट बरंच कमी झालं. तळजाईकर, तुम्ही ते का करून बघत नाही?

मृण्मयी_क
निवांत, दोन वेळा जेवून वजन उतरतं यात शंका नाही, मधलं अरबट-चरबट खाणं बंद होतं आणि आपोआप कॅलरी कमी जातात. माझ्या सासऱ्यांना खूप मानवलंय. पण तळजाईकरांना मसल टिकवायचाय, म्हणजे भरपूर प्रोटीन लागणार, आणि आपल्या मराठी जेवणात ते दोन बैठकींत बसवणं फार जड जातं. शाकाहारी माणसाला तर विशेषच. अशक्य नाही, पण तीन किंवा चार वेळा विभागलं तर पोटालाही बरं पडतं.

तळजाईकर, तुम्ही दिवसभरात नेमकं काय खाता ते लिहा ना. "घरचंच जेवण" यात सगळं येतं आणि काहीच कळत नाही.

तळजाईकर
मृण्मयीताई, लिहितो.
सकाळी चहा, मग पोहे किंवा उपमा, कधी दोन उकडलेली अंडी. दुपारी डब्यात तीन पोळ्या, एक भाजी, वाटीभर वरण, थोडा भात. संध्याकाळी चहा आणि मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे. रात्री दोन पोळ्या किंवा भाकरी, भाजी किंवा उसळ, ताक. रविवारी बाहेर, मिसळ वगैरे. दारू नाही. गोड फारसं नाही.

मृण्मयी_क
छान, आता बोलता येईल.

एका पोळीत साधारण ३ ते साडेतीन ग्रॅम प्रोटीन. म्हणजे पाच पोळ्यांचं १६-१७. वाटीभर वरणात ५-६, तेही वरण घट्ट असेल तर, आपलं साधं वरण बरेचदा पाणीदार असतं. भाजीत २. अंडं प्रत्येकी ६. पोह्यात चार-पाच. उसळ असेल त्या दिवशी ७-८. दूध-ताक धरून सगळी बेरीज ५५ ते ६५ च्या आसपास येते. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे ७३ किलोला साठ. तेवढं तुमचं होतंय. पण तो आकडा सर्वसाधारण निरोगी माणसासाठी आहे, खाणं कमी करून वजनं उचलणाऱ्यासाठी नाही. तुमच्यासारख्याला किलोमागे १.६ ते २ ग्रॅम असं धरतात, म्हणजे ११५-१४५. मी म्हणेन १२० धरा आणि तेवढं रोज करा. एक दिवस १५० आणि दुसऱ्या दिवशी ६० असं नको.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात कसं बसवायचं. सकाळी दोन अख्खी अंडी आणि वर तीन अंड्यांचा नुसता पांढरा भाग, झाले २२-२३. पोहे हवेतच असतील तर सोबत छोटी वाटी घ्या, पण आधी अंडी. दुपारी पोळ्या तीनच्या दोन करा, वरणाऐवजी मोठी वाटी भरून मुगाची किंवा मटकीची घट्ट उसळ, आणि चक्का.

चक्क्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित पदार्थ आहे, आपण त्यात साखर घालून श्रीखंड करतो आणि मग श्रीखंड वाईट म्हणतो. गायीचं किंवा टोन्ड दूध तापवून, गार करून, वरची साय पूर्ण काढायची. मग विरजण. सकाळी लागलेलं दही जुन्या धुतलेल्या मलमलीत बांधून ओट्यावरच्या नळाला टांगून ठेवायचं, खाली पातेलं. उन्हाळ्यात फ्रीजमध्येच चाळणीवर ठेवा नाहीतर आंबट ढाण होतं. चार-पाच तासांत घट्ट चक्का मिळतो. एक लिटर दुधाच्या चक्क्यात पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन येतं आणि साय काढली असल्यामुळे चरबी अगदी कमी. मीठ, जिरेपूड, किसलेली काकडी, वरून हिंग-मोहरीची अर्धा चमचा फोडणी. खाली जे हिरवट पाणी उरतं त्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.

रात्री ५० ग्रॅम सोया चंक्स (कोरडे मोजून) म्हणजे २६ ग्रॅम. कोमट पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा म्हणजे तो वास जातो, मग कांदा-टोमॅटो-गोडा मसाला घालून रस्सा करा, ज्वारीच्या भाकरीबरोबर फार छान लागतो. हे सगळं धरून ९५-१०० होतं. उरलेलं व्हेच्या (दुधातल्या प्रोटीनची पावडर) एका स्कूपने, नाहीतर फुटाणे, ताक, अजून दोन पांढरे यांनी भागवा.

पनीरबद्दल सावध. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ प्रोटीन खरं, पण वीस-पंचवीस ग्रॅम फॅटही असतं. शेंगदाण्याचं तेच, प्रोटीनचा पदार्थ म्हणून मुठीमुठीने खाल्ला जातो आणि १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी पडतात. संध्याकाळची ती मूठ शेंगदाण्यांची नको, फुटाण्यांचीच ठेवा.

आणि तेल मोजा हो. भाजी पळीने फोडणीला टाकायची सवय असते घरोघरी. पाच मिलीच्या एका चमच्याला चाळीस-पंचेचाळीस कॅलरी. चौघांच्या भाजीत दोन पळ्या तेल, वर दाण्याचं कूट, वर ओलं खोबरं, यातच दोन-तीनशे कॅलरी कुठे गेल्या कळत नाही. एक आठवडा फक्त तेल आणि कूट वजनकाट्यावर मोजून घाला, भात बंद करायची वेळच येणार नाही.

सिंहगड_एक्सप्रेस
मृण्मयीताई, वाखू (वाचनखूण) साठवली आहे. चक्का उद्याच.

डॉ_अ_पुणे
धागा चांगल्या वळणाने चाललाय. दोन-तीन गोष्टी वैद्यकीय बाजूने लिहिते.

तळजाईकर, तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४ च्या थोडासा वर येतो. जुन्या कोष्टकात हे नॉर्मल आहे पण भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन धरतात, आणि पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंमी, स्त्रियांची ८०. म्हणजे तुमचं म्हणणं केवळ दिसण्यापुरतं नाहीये, कंबर ८५-८६ वर आली तर खरोखर फायदा आहे.

यात पुण्याचा फार मोठा वाटा आहे म्हणून सांगते. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणसाच्या याच ठेवणीवर आयुष्यभर काम केलंय, बारीक दिसणारा पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेला. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बाळांवर त्यांच्या टीमने केलेल्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसलं, बाळं वजनाला कमी पण चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त. त्यामुळे आपल्या लोकांनी वजन उतरवताना स्नायू गमावणं हा दुहेरी तोटा आहे, आधीच कमी असतात. म्हणून मला या धाग्याचा विषय मनापासून पटला.

दुसरं, वेग. नॉर्वेतल्या खेळाडूंवर २०११ मध्ये एक अभ्यास झाला होता. एका गटाने आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के कमी केलं, दुसऱ्याने १.४ टक्के, दोन्ही गट वेट ट्रेनिंग करत होते. हळू जाणाऱ्यांचे स्नायू चक्क २.१ टक्क्यांनी वाढले, वेगाने जाणाऱ्यांचे वाढले नाहीत. आणि जितकी चरबी कमी शिल्लक तितकं हळू जायला हवं. तुम्हाला आठवड्याला ३००-३५० ग्रॅम पुरे.

किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रोटीन वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधीही विचारा.

तळजाईकर
डॉक्टर, हे याज्ञिक सरांचं काम पुण्यात राहून मला माहीतच नव्हतं, खूप आभार.

३५० ग्रॅम म्हणजे रोजचं किती कमी खायचं? आणि एक शंका, मी रोज काट्यावर उभा राहतो आणि तो ७२.४, ७३.३, ७२.८ असा नाचतो. आठवड्याचे ३०० ग्रॅम यात दिसणार कसे?

कसबेकर
एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. रोज साडेतीनशेची तूट ठेवलीत तर आठवड्याला २४५० होते, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या जरा वर. साडेतीन किलोला अडीच-तीन महिने धरा. तीन आठवड्यांत होईल असं कुणी सांगत असेल तर त्यात पाणी आणि मसल किती हे आधी विचारा.

काट्याचं असं आहे की तो चरबी मोजत नाही, सगळंच मोजतो. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (भात-पोळीतून साठणारी साखर) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. रविवारी मिसळ-पाव, पापड, लोणचं झालं की सोमवारी किलोभर वजन वर दिसणारच, ते मीठ आणि पाणी आहे. भात-पोळी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून लोक जे खूश होतात तेही बरंचसं हेच. म्हणून रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर काही खायच्या आधी वजन करा, लिहा, आणि फक्त सात दिवसांची सरासरी मागच्या सरासरीशी ताडून बघा. रोजच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. कंबर आठवड्यातून एकदा, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. आणि तिसरी नोंद जिमच्या वहीची. सरासरी वजन हळूहळू खाली, कंबर खाली, बारवरचं वजन जागच्या जागी, तर चरबीच जातेय. वजन भराभर खाली, कंबर तेवढीच आणि बेंच १० किलोने घसरला, तर दुसऱ्याच दिवशी खाणं वाढवा.

जिममधल्या त्या पायाखालच्या चरबी मोजणाऱ्या मशीनवर विसंबू नका. पाणी प्यायलात की आकडा बदलतो.

स्वराली_बाणेर
बायकांसाठीही लिहा ना कुणीतरी. मी ५८ वर आहे, ५५ व्हायचंय, जिम आणि बाणेर टेकडी दोन्ही चालू आहे. मला मांड्या आणि सीटचंच जायला हवंय आणि तिथलंच जात नाही, चेहरा मात्र उतरला.

डॉ_अ_पुणे
स्वराली, स्त्रियांमध्ये मांड्या-नितंबांवरची चरबी सगळ्यात शेवटी हलते, तिथल्या पेशी चरबी सोडायला नाखूश असतात आणि त्यात हार्मोन्सचा हात असतो. तुझं काहीही चुकत नाहीये. वजन बघताना एक कर, पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगावर पाणी धरतं, तेव्हा या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी कर.

आणि पाळी लांबली, चुकली, सारखी थंडी वाजायला लागली, केस गळायला लागले तर वजन कमी करणं तिथल्या तिथे थांबव आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. शरीराला जगण्यापुरतीही चरबी लागते, पुरुषांना तीनेक टक्के तर स्त्रियांना बारा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे जिमच्या भिंतीवरच्या पुरुषांच्या पोस्टरशी स्वतःला ताडू नकोस. तीन किलोसाठी पाळी जाणं हा सौदा कुठल्याही हिशोबाने परवडणारा नाही, मी हे रोज बघते.

वेताळटेकडी
कार्डिओवर (पळणं वगैरे दम लागणारा व्यायाम) कुणीच बोललं नाही. मी पळणारा माणूस, माझं मत वेगळं आहे. रोज पाच-सात किलोमीटर पळा, सगळं खा, चरबी राहणारच नाही. इतकं मोजत कशाला बसायचं?

कसबेकर
वेताळटेकडी, पळणं उत्तमच आहे हृदयासाठी, पण तुम्ही मुळात पळणारे आहात, तळजाईकर वजनं उचलणारे. खाणं कमी, आठवड्यात तीन दिवस जड स्क्वॉट, आणि वर रोज सात किलोमीटर, तर पायांना सावरायला वेळ कुठून मिळणार? मग स्क्वॉटचं वजन पडतं आणि आपण फिरून पहिल्या प्रश्नाशी येतो.

चालणं मात्र हवंच हवं. डाएटवर असताना माणूस नकळत हालचाल कमी करतो, लिफ्ट घेतो, बसल्या जागेवरून पाणी मागतो, आणि शेवटचे किलो अडतात त्याचं एक मोठं कारण हेच, तुमची साडेतीनशेची तूट न कळत दीडशेवर आलेली असते. शिवाय अकरा किलोने हलक्या झालेल्या शरीराला मुळातच कमी कॅलरी लागतात, ८४ वर असतानाचा हिशोब ७३ ला लागू होत नाही. म्हणून पावलं मोजा, रोजची आठ-नऊ हजार ठरवा आणि ती खाली जाऊ देऊ नका. तुम्ही तर तळजाईच्या पायथ्याशी राहता.

वेताळटेकडी
पटलं. पाय सावरण्याचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता आला. मग चढण चाला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तीन-चार वेळा चढ-उतार, गुडघे ठीक असतील तर. पळण्यापेक्षा आदळआपट कमी आणि दम चांगला लागतो. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, पण वर गेल्यावर पिठलं-भाकरी एकच, आणि कांदाभजी चौघांत एक प्लेट.

रात्रपाळी_हिंजवडी
माझा प्रश्न थोडा वेगळा. क्लायंट अमेरिकेतला, झोपायला दोन वाजतात, सातला मुलीची शाळा. जिम, प्रोटीन सगळं तंतोतंत करतोय तरी फरक नाही. झोपेचा खरंच एवढा संबंध असतो का?

डॉ_अ_पुणे
असतो, आणि या धाग्याच्या विषयाशी तर थेट असतो. शिकागोमध्ये २०१० साली एक छोटा पण नेमका अभ्यास झाला. तीच माणसं, तेवढंच कमी खाणं, फक्त एकदा चौदा दिवस साडेआठ तास अंथरुणात आणि एकदा चौदा दिवस साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन जवळपास सारखंच उतरलं, तीन किलोच्या आसपास. पण पुरेशी झोप होती तेव्हा त्यातली १.४ किलो चरबी होती, आणि कमी झोपेत फक्त ०.६. उरलेलं सगळं स्नायू वगैरे. माणसं दहाच होती हे लक्षात ठेवून वाचा, तरी दिशा स्पष्ट आहे.

तुमचं काम बदलता येणार नाही हे समजतं. दुपारी तासभर झोप मिळत असेल तर घ्या, संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी बंद करा, आणि जोवर झोप पाच तासांची आहे तोवर खाण्याची तूट मोठी ठेवू नका. आहे ते वजन आणि ताकद टिकवा, तुमच्यासाठी सध्या तेच बरोबर आहे. घरी बोलून शाळेची पाळी आठवड्यातून दोन-तीन दिवस वाटून घेता आली तर फार बरं.

अण्णा_सदाशिव
मी ६६ वर्षांचा. मुलाने हा धागा दाखवला. माझंही पोट आहे आणि हातपाय बारीक होत चाललेत. या वयात हे सगळं करावं का?

डॉ_अ_पुणे
अण्णा, करावंच, तुम्ही तर सर्वांत आधी. पण क्रम बदला. तुम्ही वजन उतरवण्याच्या मागे लागू नका, आधी ताकद. तरुण माणसाने व्यायाम बराच कमी केला तरी त्याचे स्नायू बरेच दिवस टिकतात, साठीनंतर तसं होत नाही, नियमितपणा जास्त लागतो. बीपी, साखर, हृदय तपासून घ्या आणि मग खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्ट्यांचे व्यायाम, कुणाच्या तरी देखरेखीखाली. जेवणात दूध, ताक, मूगडाळ, अंडी चालत असतील तर अंडी. चालणं तुमचं असेलच, पण नुसत्या चालण्याने हात-खांदे भरत नाहीत. बी-१२ आणि डी तपासलं नसेल तर तेही बघून घ्या.

अण्णा_सदाशिव
आभारी आहे. चालणं आहे रोज सारसबागेपर्यंत. बाकी उद्यापासून विचारतो.

निवांत
जिमवाले घेतात त्या क्रिएटिन पावडर आणि फॅट बर्नर गोळ्यांबद्दल काय मत?

कसबेकर
क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, ताकद टिकवायला मदत होते, त्यावर भरपूर अभ्यास झालेत. स्नायूंत पाणी धरल्यामुळे सुरुवातीला वजन थोडं वाढेल, घाबरू नका. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायचा आकडा) थोडं वाढलेलं दिसू शकतं म्हणून डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. फॅट बर्नरवर पैसे घालवू नका, बहुतेकांत मुख्यतः कॅफिन असतं, आणि संध्याकाळी घेतलंत तर झोपेची वाट लागते. त्या पैशांची अंडी आणा.

तळजाईकर
सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. वजनं तीच, सेट कमी. प्रोटीन १२०. पोळी-भात चालू, पण तेल-कूट मोजून. काल रात्री बायकोने आणि मी मिळून भाजीचं तेल मोजलं तर चौघांच्या भाजीत ४५ ग्रॅम निघालं, दोघंही थक्क झालो. आज २० ग्रॅममध्ये दोडक्याची भाजी केली आणि कुणाला फरक कळला नाही. चक्का टांगलाय.

एकच अडचण राहिली. पुढच्या महिन्यात श्रावण. आमच्याकडे श्रावणात अंडी घरात येत नाहीत आणि सोमवार-शनिवार उपास असतो, आईला ते मोडलेलं आवडणार नाही आणि मलाही मोडायचं नाहीये. मग लगेच गौरी-गणपती. तोवर थांबू का?

मृण्मयी_क
अजिबात थांबू नका, आणि आईंचं मनही मोडू नका. श्रावणात अंड्यांच्या जागी सकाळी मूगडाळीचे धिरडे, आतमध्ये चक्का किंवा घरचं गायीच्या दुधाचं पनीर थोडं. व्हे दुधाचंच असतं, आईंना एकदा नीट सांगितलंत तर बहुतेक चालेल. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी टाळा, साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात कूट, त्यात तूप, एका बशीत सहज पाचशेच्या वर कॅलरी आणि प्रोटीन दाण्यांचं तेवढंच. त्याऐवजी वरीचे तांदूळ थोडे, दाण्याची आमटी पातळ आणि वाटीभरच, आणि दिवसातून दोनदा ताक-चक्का, रात्री दूध. उपास आहे त्या दिवशी जड व्यायाम ठेवू नका, जिमचे वार मंगळ-गुरु-रवि करून घ्या.

कसबेकर
आणि गणपतीत मुद्दाम थांबा. श्रावणभर तूट ठेवल्यावर ते दहा दिवस पूर्ण पोटभर, वजन टिकेल एवढं खा, मोदकही खा. मधे असा विसावा घेतला की जिममध्ये परत जोर येतो आणि पुढचे आठवडे सोपे जातात. फक्त जिमचे तीन दिवस चुकवू नका. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहू नका, आठवडा जाऊ दे, मग सरासरी काढा आणि इथे आकडे टाका.

तळजाईकर
डन. मंगळ-गुरु-रवि. रविवारी संध्याकाळी आकडे टाकत जाईन, कंबरेसकट. स्वराली, तूही टाक.

स्वराली_बाणेर
टाकते. या रविवारपासूनच.